ढवळलेला झिरा

या उन्हाळ्यात एका सकाळी मी आमच्या ओढ्याकाठच्या तोट्यांजवळ थर्माकोलचा मोठा पांढरा पत्रा दोन्ही हातांनी धरून उभा होतो. ऊन त्या पत्र्यावर पडायचं आणि परतून समोरच्या बाईच्या तोंडावर जायचं. माझं काम एवढंच. पन्नाशी ओलांडलेला, एके काळी पेपरात नाव छापून येणारा माणूस गावाबाहेर ऊन धरून उभा आहे, हे कुणी बघू नये म्हणून मी टोपी भुवयांपर्यंत ओढली होती. पण आमच्याकडे माणूस पोटावरूनही ओळखतात. शेळ्या घेऊन चाललेल्या एकानं लांबूनच हाक मारली, "काय पत्रकार, दुकान बंद करून आता सावली विकून राहिले काय?"

ओढा म्हणायचा म्हणून म्हणायचा. दोन्ही काठ खरवडून सरळ केलेले, मधे खोल चर, तळाला उघडा मुरूम. मुरमावर फवारणीचे रिकामे डबे, प्लास्टिकचे ग्लास, देशीच्या बाटल्या, आणि कुणाच्या तरी लग्नातल्या पत्रावळ्यांचा ढीग. त्यात कुत्री तोंड घालत होती. खालच्या वळणावर एक वासरू मरून पडलं होतं. वारा तिकडून आला की कॅमेरावाले सर नाकाला रुमाल लावायचे आणि म्हणायचे, "फ्रेममध्ये वास येत नाही, काळजी नको." एवढं खरं बोललेलं त्या दिवसात मी दुसरं काही ऐकलं नाही.

या ओढ्यात वाळू होती.

हे वाक्य मी एकटंच ठेवतो. माझ्या दुकानात फॉर्म भरायला येणाऱ्या पोरांना ते सांगितलं तर ती मान हलवतात आणि मोबाइल बघतात. वाळू म्हणजे त्यांच्या लेखी टिप्परमधून येते ती. आमची वाळू भाजलेल्या ज्वारीच्या रंगाची होती. सकाळी तळपायाला गार लागायची, दुपारी एक पाय ठेवला की दुसरा उचलायला लावायची. करंजाच्या सावलीतली वाळू मात्र दिवसभर ओलसर असायची आणि तिला ताज्या मडक्याचा वास यायचा. टिटवी उघड्यावर अंडी घालायची आणि आम्ही जवळ गेलो की डोक्यावर घिरट्या घालत अख्ख्या शिवाराला आमची नावं सांगायची. वरच्या मळ्यात हळद शिजायला लागली की वाफेचा तो कडवट-मातकट वास ओढ्यात उतरून बसायचा. आजही कुठं हळदीची कढई लागलेली दिसली की माझे तळपाय गार होतात. डॉक्टरांना हे सांगितलं होतं. त्यांनी साखर तपासायला सांगितली.

होळी झाली, पळस फुलून गळायला लागला की वाहतं पाणी वाळूखाली जायचं. गेलं म्हणजे संपलं, असं कुणी समजत नसे. वाळूत गुडघाभर, कधी मांडीभर खड्डा करायचा आणि वाट बघायची. तळातून पाणी पाझरायचं. त्याला आम्ही झिरा म्हणायचो.

झिरा कुठं करायचा हे ठरवायची झमकूयाडी. ओढ्यापलीकडं बंजाऱ्यांचा तांडा, ती तांड्यातली. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. पण ती तिशीची होती तेव्हापासून गावही तिला झमकूयाडीच म्हणायचं. तांड्यातल्या लोकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख तुडवायचे. पाणी कुठं आहे हे त्यांच्या पायांना कळतं, असं आमच्याकडे बोलायचे. बाकीच्यांचं मला माहीत नाही, तिच्या पायांना कळायचं. होळीनंतर तिसऱ्या दिवशी ती सकाळी अनवाणी यायची. अंगात आरशांची काचळी, हातात कोपरापर्यंत बांगड्या. होळीची लेंगी गाऊन बसलेला आवाज. काही न बोलता वाळूवर चालायची. चालायची, थांबायची, अंगठा दाबायची, परत चालायची. मागं बायका, त्यांच्या मागं आम्ही पोरं. मग एका जागी ती टाच रोवायची. "हितं."

पहिली घागर ती वाळूवरच ओतायची, पाखरांची म्हणून. दुसरी घागर जिनं भरली तिनं ती स्वतःच्या घरी न्यायची नाही, दुसरीच्या घरी द्यायची. मग रांग. पाणी करवंटीनं भरायचं, घागर बुडवायची नाही. करवंटी बुडेनाशी झाली की हात काढायचा आणि बसायचं. "दम घिऊ द्या त्याला," ती म्हणायची. झिरा दम घेई तोवर काठावर जगातल्या सगळ्या भानगडी निघायच्या. कुणाची सून, कुणाची म्हैस, कुणाच्या नवऱ्यानं जवळा बाजारच्या बाजारातून काय आणायचं ते विसरून काय आणलं. माझं सामान्यज्ञान तिथंच तयार झालं. पुढं पत्रकारितेत तेवढंच कामाला आलं.

आठवणीला साखर लावायची नाही असं ठरवलंय, म्हणून हेही सांगतो. झिरे तीन होते. वर तांड्याचा, मधे गावाचा, खाली बौद्धवाड्याचा. वाळूखाली पाणी एकच, पण वर अंतर राखलेलं. माझ्या वर्गातला मिलिंद खालच्या झिऱ्यावर, मी मधल्या. आम्ही दोघं दिवसभर मिळून खेकडे धरायचो आणि तहान लागली की दोन दिशांना जायचो. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे लिहिताना तोंड कडू होतं. एका उन्हाळ्यात खालचे दोन्ही झिरे बसले आणि सगळ्यांना वर जावं लागलं. आमच्या आळीतल्या बायका घागरी घेऊन लांब उभ्या राहिल्या. आधी कुणी भरायचं यावर कुजबुज सुरू झाली. झमकूयाडी करवंटी हातात धरून म्हणाली, "पाण्यावर नाव दिसून राहिलं का कुणाचं? न्हाई ना? मग रांग लावा." मिलिंदची आई पहिली होती, कारण ती पहिली आली होती. त्या उन्हाळ्यापुरतं तरी तसंच चाललं.

त्याच वर्षी मी माझी पहिली मोठी चूक केली. आटत्या डबक्यात तीन मासे तडफडत होते. मला दया आली. मी ते ओंजळीत धरून नेले आणि झिऱ्यात सोडले. सकाळी झिऱ्याला असा वास सुटला की रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. कुणी केलं, हे विचारायच्या आधीच मिलिंदनं माझ्याकडं बघितलं. मैत्री ही अशी असते. झमकूयाडीनं माझा कान धरला.

"काहून रं, मासळीला घर बांधून दिलं व्हय?"

"मरून राहिली होती याडी."

"अन् आता?"

आताही मेलीच होती. तिनं मला झिऱ्याकाठी बसवलं आणि सगळं पाणी करवंटीनं उपसायला लावलं. उपसलं की परत भरायचं, परत उपसायचं, वास जाईपर्यंत. ऊन कलायला आलं तेव्हा कुठं तळ दिसला. तळाशी वाळूचे कण शिजत्या भातासारखे हलत होते, आणि त्यांच्यामधून पाणी असं हळू वर येत होतं की आलेलं कळतच नव्हतं. आधी नव्हतं, मग होतं. ती शेजारी येऊन बसली. "बघितलं?" म्हणाली. "ह्याला ढवळायचं नसतंय."

ढवळायचं नसतं, हे मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोयच राहिली नाही. कळून सवरून मी ते केलं.

चाळिशीच्या आसपास मी एका दैनिकाचा वार्ताहर झालो होतो. वार्ताहर म्हणजे आमच्या शेजारच्या गोरेगावच्या बाजारात झेरॉक्सचं दुकान आणि गळ्यात ओळखपत्र. बातम्या मी पाठवायचो: वाढदिवस, निधन, बैलाला साप चावला. छापून यायच्या त्या जाहिरात नसेल त्या दिवशी. एका उन्हाळ्यात वरून फोन आला. "पाणीटंचाईचा फोटो पाहिजे. काळजाला हात घालणारा. उद्यापर्यंत." टंचाई होती, नाही असं नाही. पण ती नळाच्या गावांना होती. तांड्याचा झिरा त्या सकाळीही भरलेला होता आणि त्यात करंजाचं एक पान तरंगत होतं. मला इतका राग आला त्या पाण्याचा, की काय सांगू.

"याडी, जरा ढवळ की हे."

"काहून?"

"लई नितळ दिसून राहिलं."

"मग नितळच असतंय ते. पेपरवाल्याला घाण पाणी लागतंय व्हय?"

"मला न्हाई. वाचणाऱ्याला लागतं."

ती हसली. तोवर साठीला आली होती ती. "ढवळलं तर दिसभर कुणाला भरता येणार न्हाई. बायका मला धरून मारतील."

"रस्ता भेटल याडी," मी म्हणालो. मागच्या पावसाळ्यात तिच्या सुनेला बाळंतपणासाठी बाजेवर घालून चिखलातून गावापर्यंत आणावं लागलं होतं. ती बाज धरणाऱ्यांत झमकूयाडी एका कोपऱ्याला होती. "फोटो छापून आला की साहेब लोक येतील. त्यांच्या गाड्या फसल्या की रस्ता होतोच."

तिनं थोडा वेळ झिऱ्याकडं बघितलं. मग काठी घेतली आणि ढवळला. गढूळ झाला, छान झाला. तिची लखलखीत पितळी घागर मी बाजूला ठेवायला लावली आणि शेळ्यांच्या वाड्यातून एक चेपलेलं जर्मनचं पातेलं आणलं. पदर पुढं घ्यायला लावला. आणि म्हणालो, रड.

आता तिला रडू येईना. मी "मेलेल्या नवऱ्याला आठव" म्हणालो तर ती जास्तच हसली. म्हणाली, "तो लई मजेशीर माणूस होता रं." पाच फोटो हसण्यात गेले. सहाव्याला तिच्या पायाला मुंगळा डसला, तोंड वेडंवाकडं झालं, डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि मी बटण दाबलं. पहिल्या पानावर आला तो फोटो. खाली मीच लिहिलेली ओळ होती, ती आता लिहून दाखवायची मला लाज वाटते. पुढं मला त्यासाठी शाल, नारळ आणि काचेची चौकट मिळाली. चौकट घेऊन मी तांड्यावर गेलो तेव्हा झमकूयाडी म्हणाली, "बक्षीस तुला काहून? मुंगळ्याला द्यायचं होतं."

मग सगळे आले. टीव्हीची गाडी आली. एक मुलगी माईक घेऊन उतरली आणि तिनं बायकांना विचारलं, "तुम्हाला कसं वाटतंय?" बायकांनी एकमेकींकडं बघितलं. "कशाचं?" पांढऱ्या गाड्या आल्या आणि खरंच फसल्या. झिऱ्याभोवती उभं राहून लोकांनी माना हलवल्या. एकविसाव्या शतकात माणसं खड्ड्यातलं पाणी पितात, असं एकानं म्हटलं आणि बाकीच्यांनी ते लिहून घेतलं. झिरा हा खड्डा असतो, हे आमच्यापैकी कुणाला तोवर माहीत नव्हतं. मी तिथंच होतो. माझ्या फोटोची तारीफ चालली होती.

ओढ्याचं खोलीकरण मंजूर झालं. पोकलेन आली. तिचा आवाज गावाला सवयीचा झाला, थांबली की लोक बाहेर येऊन बघायचे काय झालं. आधी करंज गेले, मग शिंदीची झाडं, मग काठाचा वाळा. उपटलेल्या वाळ्याच्या मुळांचा वास दोन दिवस सगळीकडं दरवळत होता. आम्ही म्हणालो, किती छान वास. आणि वाळू गेली. टिप्परमागून टिप्पर. तिच्यासाठी आधी रस्ता करावा लागला, थेट तांड्यापासून. म्हणजे रस्ता झाला. मी शब्दाला जागलो.

पहिल्या पावसाळ्यात ओढा तुडुंब भरला. काठावर लोक मोबाइल उंच धरून उभे. मीही बातमी दिली, शिवार पाणीदार झालं म्हणून. पाणी वर उघडं, आभाळाखाली, सगळ्यांना दिसणारं. संक्रांतीपर्यंत ते हिरवं झालं, मग त्यात डास झाले, आणि होळीला तळाचा चिखल भेगाळून त्याच्या पापड्या उलटल्या. झमकूयाडी तिसऱ्या दिवशी आली. अनवाणी चालली. मुरमावर चालली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, परत आली. टाच कुठंच रोवली नाही. मागच्या बायका एकेक करून परत फिरल्या.

त्या वाळूचं काय झालं, हे मला कुणी विचारत नाही. माझ्या घराच्या स्लॅबमधे आहे ती. नवीन घर तेव्हाच बांधलं. दुपारी झोपलो की ती माझ्यावर असते, अख्खीच्या अख्खी, सिमेंटमधे. एका थेंबाला वाट मिळणार नाही अशी.

नंतर बोअर झाली, टाकी झाली, तोट्या झाल्या. बोअर संक्रांतीला बसते. टाकीत पाल मरते. तोट्यांपेक्षा फलक मोठा आहे, त्यावर सगळ्यांची नावं आहेत. तांड्याला पाणी पाजतो तो टँकर, आणि टँकर चालवतो मिलिंद.

तर मी पत्रा धरून उभा होतो. शहरातून एक सर आले होते. त्यांना या नळयोजनेवर फिल्म करायची होती. त्यांच्या टॅबवर माझा तो फोटो होता. "हीच बाई पाहिजे. तेव्हा रडणारी, आता हसणारी. लोकांना असं आवडतं." शेवटी पाट्या पडतात तिथं 'छायाचित्र सौजन्य' म्हणून माझं नाव येणार होतं. माझी किंमत एवढी स्वस्त आहे, हे त्यांना बघताक्षणी कळलं.

तोट्यांना पाणी नव्हतं. सरांनी सरपंचाला फोन केला, सरपंचानं मिलिंदला. मिलिंदनं टँकर आणून टाकीला पाइप लावला आणि माझ्याजवळ येऊन बिडी पेटवली.

"पत्रकार, तुला म्हाईत हाय का, ही फिल्म झाली की तांडा टँकरमुक्त. ठरावावर सह्या बी झाल्या. फक्त व्हिडिओ लागून राहिला. पुढल्या आठवड्यापासून ट्रिप बंद."

"अख्ख्या तांड्याची?"

"न्हाई, तेवढ्या शेळ्यांची चालू ठेवतील," तो म्हणाला. "अख्ख्या तांड्याचीच."

"मग तू टाकी भरतो कशाला?"

"तू पत्रा धरतो कशाला?"

पाइपातून पाणी चढल्याचा आवाज येत होता.

झमकूयाडीला नवीन लुगडं नेसवलं होतं. काचळी नको, सर म्हणाले, फार लोककला वाटते. आता ती सत्तरीत आहे. एक डोळा पांढरा झालाय. सरांनी वाक्य सांगितलं, "ताई, म्हणायचं, आता माझी तहान भागली. आणि हसायचं." तिनं तोटी सोडली. टँकरचं पाणी धारेनं घागरीत पडलं. मी पत्रा जरा तिरपा केला, तिच्या सुरकुत्यांवर ऊन नीट बसलं. तिनं कॅमेऱ्याकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं.

"पेपरवाल्या, हे पाणी कुठून आलं रं?"

"टँकरमधून," मी म्हणालो. धैर्यबिर्य काही नव्हतं. तिनं विचारलं की उत्तर द्यायचं, ही कान धरला होता तेव्हापासूनची सवय.

"अन् ह्यो टँकर उद्या येणार हाय का?"

"न्हाई याडी. ही फिल्म झाली की बंद."

"कट!" सर ओरडले. "मागून कोण बोललं?" मग कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात बघून शांत झाले. "हरकत नाही. एक्स्प्रेशन सुंदर आहेत. आवाज काढून टाकू, खाली बासरी टाकू."

आठवड्याभरात ती फिल्म सगळ्यांच्या मोबाइलवर होती. मलाच चार जणांनी पाठवली. झमकूयाडीचे ओठ हलतात, खाली बासरी वाजते, आणि अक्षरं येतात: आता माझी तहान भागली. ओठ नीट बघितले तर ती 'टँकर' म्हणत असते. शेवटी माझं नाव येतं. त्यात वेलांटी चुकलीये. ते बघून मी मोबाइल पालथा ठेवला, आणि लाजेनं सांगतो, आधी वेलांटीसाठी ठेवला.

टँकर बंद झाला. तांड्यातल्या बायका माळापलीकडच्या एका मळ्यातल्या विहिरीवर जायला लागल्या, लाइट असेल आणि मालकाची मर्जी असेल तेव्हा. चौथ्या दिवशी मी दुकान उघडत होतो, तर पायरीवर झमकूयाडी बसलेली. शेजारी रिकामा कॅन. तांड्यापासून चालत आलेली.

"चल कचेरीत."

"मी येऊन काय करू याडी?"

"तूच केलंय तर दुसऱ्या कुणाला नेऊ?"

काळी-पिवळी जीपमधे ती माझ्या आणि एका कोंबड्यांच्या टोपल्याच्या मधे बसली. तालुक्याच्या कचेरीत साहेब तरुण होते, चांगले होते. बसा म्हणाले. मी अर्ज दिला. त्यांनी मोबाइलवर फिल्म लावली.

"बाई तर स्वतः बोलतायत."

"आवाज काढून टाकलाय साहेब. ती वेगळंच बोलत होती."

"मूळ आवाज आहे तुमच्याकडे?"

"न्हाई."

"आणि हा आधीचा फोटो? खाली तुमचंच नाव आहे."

इथं मला पळून जायचं होतं. त्या फोटोशिवाय माझ्या आयुष्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं. चौकट तेव्हाही दुकानात टांगलेली होती. मी खाली बघत म्हणालो, "तो बी खोटा हाय साहेब. पाणी नितळ होतं. मी ढवळायला लावलं. ती रडत नव्हती, मुंगळा चावला होता."

साहेब माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही, त्यांना खरंच कळत नव्हतं. "म्हणजे पाणी होतं तेव्हा नाही म्हणून तुम्ही छापलं. आता आहे म्हणून फिल्म केली, तर नाही म्हणता. काका, तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

बरोबर होतं त्यांचं. मी इतकी वर्षं लोकांना प्रश्न विचारत फिरलो, एवढा बरोबर प्रश्न मला कधी सुचला नाही. पंखा फिरत होता. शेजारच्या टेबलावरचा कारकून हसू दाबत होता. मला माझ्याच घामाची किळस आली.

"नगा ठेवू," झमकूयाडी म्हणाली. "मी बी ठेवत न्हाई ह्याच्यावर. तुमी जीप काढा अन् तोटी सोडून बघा."

"बघतो आजी. पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो."

"लेकरं पुढल्या आठवड्यात तहानतील व्हय?"

साहेबांनी कॅलेंडरकडं बघितलं, मग तिच्या कॅनकडं. "उद्या येतो. मी स्वतः."

ही खबर आमच्या आधी गावात पोहोचली. साहेब यायच्या आत टाकी भरून ठेव, असा मिलिंदला फोन गेला. त्यानं हो म्हटलं. सकाळी त्याचा टँकर गावच्या वेशीत उभा होता, मागचं चाक बसलेलं. मिलिंद खाली बसून त्याच्याकडं टक लावून बघत होता, एखादं अवघड गणित बघावं तसा. मी थांबलो.

"कसं काय बसलं रं?"

"म्हाईत न्हाई. खिळा होता."

"कुठला?"

"माझ्या खिशातला," तो म्हणाला. "जा आता, साहेब आले."

साहेबांनी तांड्यात जाऊन तोटी सोडली. तिनं लांब, पोटातून श्वास टाकला, दोन गंजाचे कपटे पडले आणि ती गप्प झाली. दुसरी सोडली. तिसरीही सोडली. सरपंच तांत्रिक अडचण, तांत्रिक अडचण म्हणत मागं फिरत होता. साहेबांनी फायलीत काय लिहिलं मला माहीत नाही. फलक, टाकी, फिल्म, सगळं जागच्या जागी आहे. ओढा तसाच आहे. फिल्म अजून लोकांना आवडते. फक्त तीन दिवसांनी टँकर आला. पुढील आदेशापर्यंत, असं कागदावर आहे.

मी गेलो होतो. हॉर्न वाजला तशा झोपड्यांमधून बायका धावत आल्या. कळश्या, कॅन, बादल्या, रंगाचे रिकामे डबे. पाइप एकीच्या हातातून दुसरीच्या हातात हिसकावला जात होता, अर्धं पाणी धुळीत जात होतं, पाण्यातल्या औषधाच्या उग्र वासानं डोळे चुरचुरत होते. दोघींची जुंपली होती, एकमेकींच्या सात पिढ्या निघत होत्या. मिलिंद टपावरून ओरडत होता, "अगं सगळ्यायला भेटल, सगळ्यायला!" त्याचं कुणी ऐकत नव्हतं. आणि त्या गर्दीच्या मधोमध झमकूयाडी एक हात पुढं करून उभी होती. उन्हात पाण्याचे शिंतोडे तिच्या पांढऱ्या डोळ्याभोवती उडत होते. मागं टाकी, वर योजनेचा फलक.

तिनं मान वळवली.

"हात भाइर काढ खिशातून."

काढला. मोबाइल तिथंच राहिला, आतल्या आत. तिनं भरलेला हंडा माझ्या हातात दिला, दुसरा रिकामा काखेतून काढला आणि पाइपाकडं वळली.

"धर," म्हणाली. "सांडू नको."